जैविक औषधाची तपासणी दुकानाच्या फळीवर व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ट्रायकोडर्मा आणि बिव्हेरिया या उपयोगी बुरशी, सुडोमोनास हा जिवाणू, घाटेअळीवरचा विषाणू, कडुनिंबाची औषधे अशा ठरावीक जैविक कीटकनाशकांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. रासायनिक कीटकनाशकांवर तो अठरा टक्के आहे. हा निर्णय चांगला आहे आणि त्याचे स्वागतच करायला हवे; परंतु ठाणे जिल्ह्यातला भाजीपाला शेतकरी जैविक औषधाकडे पाठ फिरवतो ती चार पैसे जास्त पडतात म्हणून नव्हे. पाकिटावर जे छापले आहे ते पाकिटात असेल याचा त्याला भरवसा नाही. हा भरवसा द्यायची आज जी सरकारी व्यवस्था आहे, ती जिवंत मालाचा विचार करून उभारलेलीच नाही, आणि हे पत्र त्याविषयी आहे.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली. कारखान्याचा शेतीशी काही संबंध नव्हता. पण नमुना विरळ करून पोषक जेलीच्या प्लेटवर पसरायचा, ठरलेल्या तापमानाला ठेवायचा आणि उगवलेल्या सूक्ष्मजीवांच्या वसाहती मोजायच्या, हे काम हातात मुरलेले आहे. माझ्या धाकट्या दिरांची मुरबाड तालुक्यात दीड एकर भेंडी असते. गेल्या उन्हाळ्यात मर रोगासाठी त्यांनी एका नामवंत म्हणवणाऱ्या कंपनीची ट्रायकोडर्माची दोन पाकिटे आणली, बियाण्याला चोळली, उरलेली शेणखतात मिसळून सरीत दिली, आणि तरीही रोपे ओळीने माना टाकत राहिली. "वहिनी, यापेक्षा चुलीतली राख टाकली असती तर पैसे तरी वाचले असते," असे भाऊजी फोनवर म्हणाले. त्या राखेच्या बोलण्यानेच मला स्वस्थ बसू दिले नाही.

एका पाकिटात तळाशी मूठभर भुकटी उरली होती, ती मी मागवून घेतली. त्याच दुकानातून त्याच बॅचचे एक न फोडलेले पाकीटही विकत आणवले. पाकिटावर एका ग्रॅममध्ये किमान वीस लाख जिवंत बीजाणू असल्याचे छापलेले होते. नोंदणीच्या निकषांतही ट्रायकोडर्माच्या भुकटीसाठी किमान आकडा हाच आहे. उत्पादनाला सात महिने झाले होते आणि वापराची मुदत संपायला पाच महिने शिल्लक होते. ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, ओळखीने परवानगी घेऊन, दोन्ही नमुने मी तीन-तीन प्लेटवर लावले. चौथ्या दिवशी ट्रायकोडर्माची ती ओळखीची हिरवी वलये प्लेटवर दिसायला हवी होती. दिसली ती काळ्या बुरशीची दाट पूड, आणि तिच्यामध्ये कुठेतरी एखाददुसरा हिरवा ठिपका. हिशेब केला तेव्हा आकडा ग्रॅममागे काही हजारांच्या पुढे जाईना. फोडलेल्या पाकिटाबद्दल शंका घेता येते, पण न फोडलेल्या पाकिटाची मोजणीही जवळजवळ तेवढीच आली. भाऊजींनी विकत घेतले होते ते, सरळ शब्दांत सांगायचे तर, शंखजिरे (टाल्कची निर्जीव पूड) होते.

पुढच्या आठवड्यात मी ते दुकान पाहून आले. वर पत्र्याचे छप्पर, तोंड पश्चिमेला, आणि जैविक औषधांची पाकिटे काचेच्या कपाटात अगदी वरच्या फळीवर लावलेली. दुपारचे साडेतीन वाजले होते. पाकिटाला हात लावला तर नुकत्याच भाकऱ्या बांधलेल्या फडक्यासारखे ते ऊन लागले. ट्रायकोडर्मा अठ्ठावीस अंशांच्या आसपास सुखाने वाढते. पत्र्याखालच्या कपाटात चाळिशीच्या वरच्या उष्णतेत महिनोन्महिने ठेवल्यावर तिचे बीजाणू तग धरत नाहीत, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. दुकानदाराने काही लपवले नाही. गाडी येते तेव्हा रासायनिक आणि जैविक मालाचे खोके एकत्रच उतरतात, कुठले थंड ठेवायचे ते कोणी सांगत नाही, आणि मुदत संपलेला जैविक माल कंपनी परत घेत नाही, त्यामुळे आधी जुना माल संपवावाच लागतो, असे त्याने सांगितले. मी कंपनीच्या ग्राहक सेवेला तारीख आणि बॅच नंबरसह लिहिले, तर माल कारखान्यातून निघाला तेव्हा निकषांत बसत होता आणि पुढची साठवण ही विक्रेत्याची जबाबदारी आहे, असे दोन ओळींचे उत्तर आले. कंपनीचे म्हणणे खोटे असेलच असे मी म्हणत नाही. दोघेही खरे बोलत असतील, आणि शेतकऱ्याच्या हाती मेलेली भुकटी पडते ती याच दोन खऱ्या उत्तरांच्या मधल्या वाटेवर.

आता कायद्याकडे वळते. कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आहे आणि त्याचे नियम १९७१ चे. केरळ आणि तमिळनाडूत अन्नात कीटकनाशक मिसळून झालेल्या विषबाधांच्या पार्श्वभूमीवर तो आला, त्यामुळे विष विषारी किती आणि बाटलीत लिहिल्याइतके आहे की नाही, या दोन प्रश्नांभोवती त्याची सगळी रचना फिरते. त्या काळाला ते योग्यच होते. जैविक कीटकनाशकेही याच कायद्याखाली केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीकडे नोंदवावी लागतात. त्यांना काही सवलत आहे: कलम ९ (३ब) खाली दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते आणि त्या काळात मालाची विक्रीही करता येते. नवे कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पुन्हा २०२० मध्ये मांडले गेले. पण मुरबाडच्या दुकानात शिरणाऱ्या निरीक्षकाच्या हाती जे अधिकार आहेत ते अजून १९६८ च्याच कायद्यातले आहेत. विधेयके पुढे सरकोत वा न सरकोत, दुकानातली तपासणी नियमांत आणि कार्यपद्धतीत दुरुस्ती करूनही सुधारता येईल, असे माझे मत आहे.

खरी अडचण नमुना घेण्याच्या पद्धतीत आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. निरीक्षक दुकानातून नमुना घेतो, त्याचे तीन भाग करून मोहोरबंद करतो. एक भाग ज्याच्याकडून घेतला त्याला, एक सरकारी विश्लेषकाला आणि एक न्यायालयापुढे सादर करण्यासाठी राखून ठेवायचा असतो. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल तर संबंधिताने अठ्ठावीस दिवसांत तसे कळवायचे, आणि मग राखून ठेवलेला भाग फरिदाबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडे फेरतपासणीला जाऊ शकतो. रासायनिक औषधासाठी ही पद्धत न्याय्य आहे, कारण बंद बाटलीतले रसायन काही आठवड्यांत असे काही बदलत नाही. जिवंत बुरशीचा नमुना मात्र कार्यालयातल्या लोखंडी कपाटात राहिला, टपालाच्या पोत्यातून गेला, वाट पाहत पडून राहिला, की त्यातली संख्या रोज घटते. मग न्यायालयात कंपनी म्हणते की आमचा माल जिवंत होता, तो तुमच्या कपाटात मेला, आणि हे म्हणणे खोडून काढण्याचे साधन निरीक्षकाकडे नसते. प्रामाणिक कंपनीवरही यात अन्याय होऊ शकतो, कारण तिचा चांगला माल सरकारी साठवणीत मरून नापास ठरू शकतो. खटला टिकणार नाही असे दिसले की जैविक मालाचा नमुना घेण्याचा उत्साहही मावळतो, आणि त्यात मी निरीक्षकांना दोष देत नाही.

याच्या अगदी उलट टोकाची फसवणूक याहून घातक आहे. काही बाटल्यांवर 'वनस्पतिजन्य', 'सेंद्रिय', 'हर्बल' असे हिरव्या अक्षरांत लिहिलेले असते, आणि फवारणी केल्यावर तासाभरात मावा-तुडतुडे पटापट गळून पडतात. शेतकरी खूश होतो, गावात बाटलीचे नाव होते. परंतु किडीच्या अंगावर रुजून आत शिरणाऱ्या बुरशीला आपले काम करायला तीन ते सात दिवस लागतात; कडुनिंबातले अझाडिरॅक्टिन तर किडीची भूक आणि कात टाकण्याची क्रियाच बिघडवते, ते तिला जागच्या जागी मारत नाही. तासाभरात रिझल्ट देणाऱ्या 'सेंद्रिय' बाटलीत रासायनिक कीटकनाशक मिसळलेले असण्याची दाट शक्यता असते. असा माल वापरणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय फवारले हेच माहीत नसते. तो हातमोजे घालत नाही, तोडणीपूर्वी थांबत नाही, आणि उद्या त्याच्या भाजीत रासायनिक औषधाचा अंश सापडला तर खोटारडा तोच ठरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती विषे उघड नावाची होती, बाटलीवर धोक्याचा त्रिकोण होता, तरी हे घडले. जिच्यावर पानाफुलांचे चित्र आहे अशा बाटलीतून विष विकले जाते तेव्हा सावध होण्याची संधीसुद्धा शेतकऱ्याला मिळत नाही.

यातल्या पुष्कळ बाटल्या कीटकनाशक म्हणून विकल्याच जात नाहीत. दुकानात त्यांना सरसकट 'टॉनिक' म्हणतात. लेबलवर 'पिकाची वाढ जोमदार होते' एवढेच लिहिलेले असते आणि किडीचा उपाय दुकानदार तोंडी सांगतो, त्यामुळे कीटकनाशक कायदा लागू होत नाही. केंद्राने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून अशी जैव-उत्तेजके नियमनाखाली आणली, हे योग्य पाऊल होते. परंतु तात्पुरत्या परवानगीची मुदत पुढे पुढे सरकत गेली आणि बाजार तसाच भरलेला राहिला. ठाण्यात घरच्या कुंड्यांसाठी नर्सरीत मिळणाऱ्या बाटल्या एकदा हातात घेऊन पाहाव्यात, अशी माझी वाचकांना विनंती आहे. किडीवर म्हणून दिलेल्या बाटलीवर नोंदणी क्रमांक आहे का, उत्पादनाची तारीख आहे का, त्रिकोण आहे का, एवढे जरी पाहिले तरी पुरे.

हा प्रश्न फक्त मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्यांचा नाही, हे भेंडीच्या उदाहरणाने लगेच लक्षात येईल. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. दोन दिवस उशीर झाला की ती निबर होते आणि व्यापारी हात लावत नाही. उलट बहुतेक रासायनिक औषधांनंतर तोडणीआधी काही दिवस थांबणे आवश्यक असते. शेंडे आणि फळे पोखरणारी अळी पडली असताना फवारणीही टाळता येत नाही आणि तोडाही थांबवता येत नाही, म्हणून आज फवारलेली भेंडी परवा वाशीच्या बाजार समितीत आणि तेरवा ठाणे, ऐरोली, नेरूळच्या स्वयंपाकघरांत पोहोचते. जैविक औषधाची जागा नेमकी इथे आहे. सतत तोड्याच्या भाज्यांसाठी त्याला दुसरा सोयीचा पर्याय मला तरी दिसत नाही. परदेशी बाजारही अंशांबाबत किती कठोर असतो हे महाराष्ट्राने २०१० मध्ये पाहिले आहे, जेव्हा क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचे कंबरडे मोडले.

इतर विकसनशील प्रदेशांनी या बाबतीत काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या साहेल भागातल्या देशांची बाजारपेठ एकेकटी इतकी लहान आहे की प्रत्येक देशात वेगळी नोंदणी करण्याचा खर्च कोणत्याच उत्पादकाला परवडत नाही. त्यांनी १९९० च्या दशकातच कीटकनाशकांसाठी सामायिक समिती नेमली आणि एका नोंदणीवर सगळ्या सदस्य देशांत विक्रीची वाट खुली केली. आफ्रिकेतच, १९८० च्या दशकातील टोळधाडीनंतर, मेटारायझियम बुरशीवर आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालला. त्यातील संशोधकांनी बीजाणू नीट वाळवून ते दीर्घकाळ टिकवण्याचे आणि तेलात मिसळून कोरड्या हवेत फवारण्याचे तंत्र बसवले. २०२० मध्ये सोमालियाने टोळांविरुद्ध अशीच बुरशी वापरली. म्हणजे उष्ण प्रदेशात हा माल टिकतच नाही असे नाही. तो टिकेल असा बनवावा लागतो, आणि तसा बनवणाऱ्याला बाजारात त्याचे मोल मिळावे लागते. क्युबाने सोव्हिएत मदत आटल्यावर दोनशेहून अधिक लहान केंद्रे गावपातळीवर उभी केली, जिथे जवळच्या शेतांपुरते ताजे जैविक औषध तयार होई. मला हा मार्ग विशेष भावतो, कारण वाहतूक आणि साठवण कमी झाली की अर्धा प्रश्न तिथेच संपतो. आपल्याकडे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'बायोमिक्स' घेण्यासाठी शेतकरी लांबून येतात, त्यालाही माझ्या मते कारण हेच की माल बनवणाऱ्याच्या हातून थेट मिळतो.

म्हणून माझी कृषी विभागाला आणि नोंदणी समितीला मागणी अशी आहे की जिवंत औषधांसाठी तपासणीची वेगळी कार्यपद्धती लागू करावी. नमुना बर्फाच्या पेटीतून न्यावा, त्याचे दोन भाग दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांत एकाच दिवशी प्लेटवर लावावेत आणि कंपनीच्या प्रतिनिधीला तेव्हाच हजर राहण्याची संधी द्यावी, म्हणजे 'तुमच्या कपाटात मेला' हा वादच उरणार नाही. पाकिटावरची संख्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुकानातल्या तापमानात, टिकून राहील ती छापावी. कारखान्यातून निघतानाच्या संख्येचा शेतकऱ्याला काही उपयोग नाही. मुदत संपलेला माल परत घेणे कंपनीवर बंधनकारक असावे. 'सेंद्रिय' नावाच्या प्रत्येक बाटलीची रासायनिक कीटकनाशकांसाठीही चाचणी व्हावी, आणि नापास बॅचची यादी तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागावी. आज निकाल फायलीत राहतो आणि बॅच शेतात जाते.

एवढी कडक तपासणी सुचवत असतानाच माझे दुसरे म्हणणे असे की आत येण्याचे दार लहान उत्पादकांसाठी रुंद करावे. स्वतःच्या शेतासाठी वापरायला कायद्याने मुभा आहे. पण एखाद्या महिला बचत गटाने ज्वारीच्या दाण्यांवर ट्रायकोडर्मा वाढवून शेजारच्या गावात विकायचे ठरवले, तर त्यांना मोठ्या कंपनीइतकीच कागदपत्रे आणि विषारीपणाच्या महागड्या चाचण्या झेपणार नाहीत. ज्या प्रजातीची सुरक्षितता पूर्वीच सिद्ध झाली आहे, तिचा कृषी विद्यापीठाने दिलेला मूळ वाण वापरायचा, तालुक्याबाहेर विकायचे नाही, महिनाभराच्या आत खपवायचे आणि प्रत्येक खेप तपासून घ्यायची, अशा अटींवर त्यांना सोपा परवाना द्यावा. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ मध्ये जैविक कीटकनाशकांच्या नोंदणीसाठी जी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही सूक्ष्मजीव, वनस्पतिजन्य पदार्थ आणि कामगंधासारखी (वासाने किडीला आकर्षित करणारी) रसायने यांना त्यांच्या स्वभावानुसार वेगवेगळ्या माहितीच्या अपेक्षा ठेवल्या आहेत. घरगुती उत्पादनात घाण बुरशी शिरण्याचा धोका असतो, हे मी नाकारत नाही. काळी बुरशी मी स्वतः, मोठ्या कंपनीच्या पाकिटातून, प्लेटवर उगवलेली पाहिली आहे. म्हणूनच खेपेच्या तपासणीचा खर्च सरकारने उचलावा. त्या तपासणीला लागते ते एक ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), काही प्लेट आणि नीट शिकवलेला एक माणूस, आणि ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी विज्ञान महाविद्यालयांत हे तिन्ही आजच उपलब्ध आहे.

खरिपाचे बियाणे भाऊजी मे महिन्याच्या अखेरीस आणतात. त्याच सुमारास मुरबाड, शहापूर आणि भिवंडीच्या दुकानांत जैविक औषधांचा माल भरला जातो, तेव्हा निदान या तीन तालुक्यांतून यंदा नमुने घेतले जावेत आणि पेरणीपूर्वी निकाल जाहीर व्हावेत, अशी जिल्हा कृषी यंत्रणेला या पत्राद्वारे विनंती करते. माझ्याकडच्या दोन्ही पाकिटांचे उरलेले नमुने, खरेदीची पावती आणि मोजणीच्या नोंदी तारखेसह जपून ठेवल्या आहेत. नमुने फ्रिजमध्ये आहेत. विभागाला हवे असतील तेव्हा मी ते आणून देईन.

आपली नम्र,
एक वाचक,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)